उत्तरेचा उजेड आणि फॉल्स सीलिंग

ओळखीतल्या एका व्यावसायिकाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कारखान्याची जुनी शेड कार्यालयासाठी घेतली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून ती तपासायला मला बोलावले. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या या पहिल्या औद्योगिक वसाहतीत आता जागोजागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर अजून शाबूत असलेले पाहूनच मला बरे वाटले.

अशा छपराच्या प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे असते. ऊन थेट आत न येता दिवसभर एकसारखा उजेड यंत्रांवर पडावा, हा त्यामागचा हेतू. संगणकापुढे बसणाऱ्यालाही नेमके हेच हवे असते. तरीही सजावटकाराच्या पहिल्या नकाशात सगळे छप्पर फॉल्स सीलिंगने झाकून खाली दिव्यांच्या रांगा दाखवल्या होत्या! एवढ्या उंच जागेत वातानुकूलनाचा खर्च वाढतो हे मला मान्य आहे, पण त्यावर पत्र्यांखाली इन्सुलेशन हा उपाय आहे, आणि बऱ्याच वादानंतर तोच ठरला.

बाकीची कामे रटाळ होती. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असल्यामुळे ते न फोडता, ओले करून अखंड उतरवावे लागले. तेल मुरलेल्या कोब्यावर इपॉक्सीचा लेप धरत नाही, म्हणून वरचा थर खरवडून काढला. पोटमाळ्याला मात्र दुसरा जिना दिल्याशिवाय मी सही केली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे गेली, हे विसरता येत नाही.

एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. हे छप्पर इंग्लंडच्या गिरण्यांत रुळले, आणि तिथे भरदुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो जातो. काचांना महागडी फिल्म लावावी की पडदे, यावर आमचा खल चालला असताना तिथले जुने वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, आम्ही मे महिन्यात बाहेरून पातळ चुना मारायचो. पहिल्या पावसात तो आपसूक धुऊन जायचा."

यंदा काचांना चुनाच मारला आहे.