बेळगावची अवजारखरेदी: ऐरण सर्वांत शेवटी

सुऱ्या बनवण्याचे सामान घेण्यासाठी निपाणी, संकेश्वर किंवा चंदगडकडून बेळगावला जाणाऱ्यांनी ऐरण यादीतून खोडून मगच घराबाहेर पडावे, असे मी स्पष्टपणे सांगतो. निघण्यापूर्वी ज्याने त्याने मला ऐरणीपासून सुरुवात करायला सांगितले होते आणि तो सल्ला मानल्यामुळे ऐन खरेदीचा वेळ भंगारवाल्यांच्या व जुन्या यंत्रांच्या दुकानांत उन्हात उभे राहण्यात गेला. वाचणाऱ्याला हातग्राइंडर धरता येतो आणि चष्मा व मास्क त्याच्याकडे आहेत, असे मी गृहीत धरतो.

बेळगाव हे ओतकामाचे शहर आहे. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या आसपास भट्ट्या भरपूर असल्यामुळे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ऐरण ओतून घेणे तिथे अवघड नाही, आणि नेमकी तीच ऐरण जाड काळा रंग देऊन पोलादाची म्हणून समोर ठेवली जाते. मला दाखवलेल्या ऐरणीचा भाव किलोला 250 रुपये सांगण्यात आला, वर ‘बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील’ हेही ऐकवण्यात आले. बिडात कार्बन 2 टक्क्यांहून अधिक असतो आणि साध्या करड्या बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असल्यामुळे घणाचा घाव परत उसळण्याऐवजी आतच जिरतो. शिवाय अशा ऐरणीच्या कडेचा टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो. पारख सोपी आहे. बेअरिंगचा एक मोठा छर्रा खिशात ठेवावा आणि ऐरणीच्या तोंडावर वीतभर उंचीवरून सोडावा. चांगल्या पोलादावरून तो जवळपास तेवढ्याच उंचीवर परत येतो, बिडावर मात्र बद्द आवाज करून थोडासाच उसळतो. माझा छर्रा चार बोटेसुद्धा वर आला नाही. दुकानदाराने तोंडावर पोलादी पट्टी जोडलेली असल्याचे सांगितले, तेव्हा मी कडेवर ग्राइंडर टेकवून पाहण्याची परवानगी मागितली. पोलादाच्या ठिणग्या लांब जाऊन फुलतात आणि बिडाच्या तांबूस, आखूड असतात, हे त्यालाही माहीत असावे, कारण परवानगी मिळाली नाही. या प्रकाराचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे माझे मत थोडे कडक वाटल्यास त्याला इलाज नाही.

दुसऱ्या ठिकाणी ऐरणीऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळत होता. वस्तू म्हणून तो उत्तम आहे आणि सुरीकामाला पुरूनही उरतो, परंतु रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा 1966 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. लिलावातून आलेल्या मालाचे कागद दाखवता आले नाहीत, तर कितीही स्वस्त असला तरी तो तुकडा घेऊ नये.

मुख्य म्हणजे तयार सपाट पट्टी कापून आणि घासून सुरी करायची असेल, तर ऐरण लागतच नाही. ज्या यंत्रावर पैसे घालावेत ते म्हणजे पट्ट्याचा ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पाते घासण्याचे यंत्र. उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो सांगून करून घेता येतो, मात्र पट्ट्याचे माप 50 बाय 1830 मिलिमीटर असावे, ही अट कागदावर लिहून द्यावी, कारण कारागीर हाताशी असलेल्या पत्र्याप्रमाणे सांगाडा लहानमोठा करतो आणि मग प्रत्येक पट्टा मुद्दाम जोडून घ्यावा लागतो. मोटार दीड ते दोन अश्वशक्तीची पुरते. मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटार आणि 100 मिलिमीटरचे चाक घेतल्यास पट्टा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर धावतो. हा वेग नवशिक्याला सोयीचा आहे. 2880 फेऱ्यांची मोटार घेण्याचा आग्रह झाला तरी मानू नये, कारण दुप्पट वेगात पात्याची पातळ धार क्षणात निळी पडते आणि तिचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. पैसे चुकते करण्यापूर्वी पट्टा चढवून यंत्र चालवून पाहावे, आणि पट्ट्यामागची आधारपट्टी सरळ आहे की नाही हे गुण्या लावून तपासावे. माझ्या यंत्राची आधारपट्टी मध्ये पोकळ होती. ती तिथेच घासून घेतली.

कानशी आणि बेंच व्हाइस बाजारपेठेत मिळतात आणि त्यांच्या बाबतीत फसण्यासारखे फारसे काही नाही. 12 इंची चपटी खरबरीत कानस आणि एक मध्यम कानस चांगल्या कंपनीची घ्यावी, मुठी वेगळ्या मागून घ्याव्यात आणि कानशी एकमेकींवर न ठेवता कागदात गुंडाळून आणाव्यात. व्हाइसचे जबडे बंद करून फटीतून उजेड दिसतो का ते पाहावे.

खानापूरचा दिवस फार छान गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. एका लोहाराकडून जुने सांडस घेतले आणि परतलो.

पोलादाच्या बाबतीत मात्र कंजुषी करू नये. मोडीतले ट्रकचे पाटे स्वस्त असतात, परंतु वर्षानुवर्षे वाकून त्यांत बारीक भेगा पडलेल्या असतात आणि त्या बहुधा पाणी देताना, म्हणजे पाते तापवून एकदम थंड करतानाच, उघड होतात. त्यापेक्षा ईएन 45 किंवा ईएन 31 या प्रतीच्या पोलादाची नवी पट्टी मापाने कापून घ्यावी. पहिलीत कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, दुसरीत सुमारे 1 टक्का. स्वयंपाकाच्या सुरीला दुसरी, कोयत्याला पहिली. सोबत एक लोहचुंबक घ्यावे. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, त्यानंतर आणखी थोडे तापवून पाते तेलात बुडवायचे असते. चुंबकाची किंमत पाहता संपूर्ण यादीत इतके उपयोगी दुसरे काही नाही.

वाहतुकीबद्दल थोडे. मालवाहू रिक्षावाल्याने उद्यमबागेतून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत 300 रुपये ठरवले आणि उतरवताना ‘लोखंड आहे हे सांगितले नव्हते’ म्हणून 700 मागितले. भाडे ठरवताना मालाचे वजन सांगावे आणि चढवणे-उतरवणे त्यात धरले आहे का, हे चारचौघांसमोर विचारावे. व्हाइस मी मोटारसायकलच्या मागे बांधून आणला, तो प्रकार कोणी करू नये. संकेश्वरापर्यंत काही जाणवले नाही, पण तवंदीचा घाट निपाणीकडे उतरताना मागचे वजन प्रत्येक वळणावर गाडी बाहेर ओढत होते आणि मागून ट्रक भोंगे वाजवत होते. व्हाइस ग्राइंडरबरोबरच गोदामात द्यावा. त्याचे जादा भाडे फार होत नाही.