चूल जेवणाला की पाण्याला?

"चूल जेवणाला देताय की पाण्याला?" मुंबईत आरे कॉलनीतल्या एका वारली पाड्यावर सुधारित चुलींसाठी बैठक घेतली, तेव्हा एका मावशींनी हे विचारलं. आम्ही गोरेगावातले काही जण. थोडा निधी जमवला होता, बाजारातल्या चुलींची माहितीपत्रकं जमवली होती. त्या सगळ्या पत्रकांत चुलीवर जेवणच शिजत होतं. मग आम्ही काही घरांत रोजचं सरपण वजनकाट्यावर टाकून बघितलं. आंघोळीच्या पाण्याला स्वयंपाकाइतकंच जळण जात होतं, पावसाळ्यात त्याहून जास्त.

आकडे मोठे आहेत. घरातल्या धुरामुळे जगभर २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुलं होती. पण पाड्यावर हे सांगून काही होत नाही. तिथल्या बायकांना धूर माहीत आहे. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, भिंती काळ्या होतात. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते हे, की नवी चूल भाकरी नीट भाजेल का.

धूर म्हणजे न जळलेलं जळण. तीन दगडांच्या चुलीत ज्योतीला चहूबाजूंनी गार हवा लागते, लाकडातून निघालेला वायू पुरता पेटायच्या आत वर निघून जातो. सुधारित चुलीत ज्वलनकक्ष अरुंद असतो, त्याला उष्णतारोधक अस्तर असतं आणि खालून हवा येते. आतच तापमान चढतं आणि वायू तिथेच जळतो. तत्त्व एवढंच. अडचण त्या अरुंद तोंडात आहे.

आम्ही वेगवेगळ्या चुली उसन्या आणून घराघरांत वापरायला दिल्या. छोट्या पंख्याने आत हवा फुंकणाऱ्या चुलीत धूर खरोखरच सर्वांत कमी होता. पण तिला बोटाएवढे तुकडे लागतात, आणि कोयत्याने ते तुकडे करणार कोण? दिवसभर सोसायट्यांमध्ये कामं करून आलेली बाईच. रॉकेट चुलीला, म्हणजे खालच्या आडव्या तोंडातून जळण सरकवायच्या उभ्या नळीसारख्या चुलीला, लांब काटक्या चालतात, पण भाकरी अर्धी तव्यावर आणि मग निखाऱ्याला लावून फुगवायची असते, आणि त्या चुलीत निखारे हाताशी नसतातच. "भाकरी कच्ची राहते, ताई," हे मी घरोघरी ऐकलं. प्रयोगशाळेत चुलीची कार्यक्षमता बहुधा पाणी उकळून मोजतात. तांदळाची भाकरी कुणी मोजत नाही.

मग मावशींच्या प्रश्नाकडे परत आलो आणि कामाची वाटणी केली. पाण्यासाठी पडवीत रॉकेट चूल, तिला पत्र्याचं धुराडं; मोठा टोप नीट बसेल असा गोल आधार. सकाळचा चहा, डबा, भाजी गॅसवर. भाकरीला मातीची जुनीच चूल, तिचा वैल, म्हणजे बाजूचं जोडतोंड, शाबूत ठेवून, खाली लोखंडी जाळी बसवून, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खेळते. आमच्या एका देणगीदारांना मोडलेल्या जुन्या चुलींचे फोटो हवे होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. बाईची चूल मोडून तिच्या घरात धूर कमी होत नाही. ती दुसऱ्या दिवशी नवी लिंपते.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसलो. बांधकामांवरून आणलेले प्लायवूडचे आणि रंगवलेले तुकडे चुलीत घालायचे नाहीत. त्यातला गोंद आणि रंग जळताना निघणारा धूर कुठलीही चूल स्वच्छ करू शकत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला गॅसने, तोही कागदांवर. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. जोडणी बाईच्या नावावर मिळते, पण त्या कुटुंबात आधीची जोडणी नसावी लागते. पाड्यावर लग्न झालेल्या मुलाची चूल कधीच वेगळी झालेली असते, रेशनकार्ड मात्र सासऱ्यांचंच. सासूबाईंच्या नावावर सिलिंडर, म्हणून सुनेचा अर्ज परत. उपाय एकच: जुन्या कार्डातून नाव कमी करून घ्या, शिधावाटप कार्यालयात वेगळ्या कार्डाचा अर्ज करा, मग गॅसचा. हे करताना दोन गोष्टी आधीच तपासा, म्हणजे फेरे वाचतील. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, आणि बँक खातं नुसतं आधारशी जोडलेलं नाही तर अनुदान त्याच खात्यात येईल अशी नोंद झाली आहे का. एका वहिनींचं अनुदान त्यांनी वापरणं सोडलेल्या खात्यात जमा होत राहिलं होतं.

राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत २०२४ पासून पात्र बायकांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, पण पैसे आधी भरावे लागतात आणि नंतर खात्यात येतात. हातावर पोट असलेल्या घराला सिलिंडरचे पैसे एकदम काढणं जड जातं. बचत गटाने यासाठी वेगळी पेटी ठेवली. तिथून उचलायचे, पैसे आले की परत टाकायचे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात ती पेटी सर्वांत कामाची ठरली.

चूल पोचवली म्हणून काम झालं असं मी मानत नाही. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. चुलींची देखभाल होत नव्हती आणि वापरही घटत गेला. आमच्या पाड्यावरच्या एका आजींच्या जव्हारकडच्या माहेरी असंच झालं होतं. धुराडं काजळीने तुंबलं आणि ते साफ कुणी करायचं हे ठरलंच नव्हतं.

म्हणून आम्ही ते आधी ठरवलं. पाड्यावरचा एक मुलगा धुराडी झाडतो, फुटलेलं अस्तर बदलतो, आणि त्याला दर घरामागे मजुरी मिळते. सरपण पावसाआधी पडवीत मांडणीवर चढवायचं हेही ठरलंय, कारण ओल्या लाकडापुढे रॉकेट चूलही धुमसते. अजून काही घरांना धुराडी लागायची आहेत. पत्रा कापून देणारा कारागीर मरोळला सापडलाय, मे संपायच्या आत ती बसवतो आहोत.