रेड-१ मधली एक डिस्क बाद झाली तेव्हा

कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नांचे सगळे फोटो डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालवणाऱ्या एका मशीनवर राहतात. आत ४ टीबीच्या दोन डिस्क, लिनक्सच्या 'एमडी' यंत्रणेने जोडलेलं रेड-१ (ती एमडीएडीएम या प्रोग्रामने सांभाळतात). जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. मशीन मी बसवलेलं नाही, पण काही अडलं की स्टुडिओवाले अण्णा मला बोलावतात. यंदा ऐन लग्नसराईत "फोल्डर उघडायला लई वेळ लागतोय" म्हणून फोन आला.

रेडची अवस्था दाखवणारी एमडीस्टॅट फाइल बघितली, तर जिथे दोन 'यू' दिसायला हवेत तिथे एक 'यू' आणि एक आडवी रेघ. एक डिस्क बाद झालेली. तशी मेल सिस्टिमने पाठवलीही होती, पण मशीनमधल्याच रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, जो कधी कुणी उघडत नाही.

अण्णा म्हणाले, "एक गेली तर दुसरी हाय की. खराब काढ, नवी लाव, विषय संपला."

बहुतेक जण हेच करतात, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती होती. नवी डिस्क लावली की रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर सगळं पुन्हा उतरवणं, सुरू होतो, आणि त्यात उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेले कोपरेसुद्धा. दोन्ही डिस्क एकाच वेळी, एकाच दुकानातून घेतलेल्या. एकीचं वय झालं, तर दुसरी काही तरणी नसते.

म्हणून आधी फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती माउंट केली आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने फोटो एक्स्टर्नल डिस्कवर उतरवायला लावले, या हंगामाचे सर्वात आधी. ते नीट उतरले. जानेवारीतल्या एका लग्नाच्या फोल्डरवर मात्र 'इनपुट/आउटपुट एरर' आला. उरलेल्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला, तर १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या मोजणीत, शून्य नव्हतं.

म्हणजे ती जागा उरलेल्या डिस्कवर गेली होती. तिची दुसरी प्रत कुठे असेल तर अण्णा जी फेकायला निघाले होते त्या डिस्कवरच.

ती खरंच मेली होती का, हे बघायला कर्नलचे लॉग चाळले. साध्या डेस्कटॉप डिस्क एखादा अवघड सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा जास्तही झगडत बसतात. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट बघून डिस्क रीसेट करतो. या गोंधळात एखादं लिखाण फसलं की एमडी ती डिस्क बाहेर काढतो. इथे तसंच झालेलं दिसत होतं. डिस्क थकलेली होती, पण बरीचशी वाचता येणारी.

अण्णांना दोन नव्या डिस्क आणायला सांगितल्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आणल्या. प्रत्येक डिस्कवर तिचा सीरियल नंबर मार्करने ठळक लिहिला. लिनक्स डिस्कना देतो त्या एसडीए-एसडीबी या नावांवर भरवसा ठेवून चुकीची डिस्क उपसणं फार सोपं असतं, बूट झाल्यावर ती नावं अदलाबदल होऊ शकतात.

मग लाइव्ह यूएसबीवरून मशीन चालू केलं, रेड जुळू दिलं नाही. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने उरलेल्या डिस्कचं पार्टिशन नव्या डिस्कवर उतरवलं. सगळं आलं, काही किलोबाइटची भोकं सोडून. तीच मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची त्याची नोंद) ठेवून स्रोत म्हणून आता बाद डिस्क दिली, तेव्हा प्रोग्रामने फक्त ती भोकं तिच्यावरून भरली.

हे चाललं कारण दोन्हींवर डेटा सुरू होण्याची जागा एकच होती (ते एमडीएडीएमच्या 'एक्झामिन' कमांडने आधी तपासलं). शिवाय बाद डिस्कवरची शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची होती आणि फोटो त्याआधीचे, कधी न बदललेले. भोक जर फाइलसिस्टिमच्या नोंदींच्या जागेत असतं, तर तीन आठवडे जुना तुकडा तिथे चिकटवायला माझा हात धजला नसता.

नवी प्रत उरलेल्या डिस्कची हुबेहूब नक्कल असते, अगदी ओळखक्रमांकासकट. दोन्ही एकत्र जोडल्या तर एमडीला फरक कळत नाही. म्हणून जुन्या दोन्ही काढून ठेवल्या, फक्त नवीवर रेड उभं केलं, एफएससीके या प्रोग्रामने काही न बदलता फाइलसिस्टिमची तपासणी केली, जानेवारीचं फोल्डर अण्णांना उघडून दाखवलं. फोटो शाबूत होते. मग दुसरी नवी डिस्क 'अ‍ॅड' केली. ४ टीबीला सात-आठ तास लागतात. रात्रभर मशीन चालू ठेवलं.

खराब सेक्टर इतके दिवस लपले कसे? डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, सगळं रेड वाचून तपासतो. वाचता न आलेला सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरूनही काढतो. पण स्टुडिओ रात्री कुलूपबंद, मशीनही बंद. ती तपासणी कधी झालीच नव्हती. मी ती मंगळवारी दुपारच्या निवांत वेळी लावली.

अवघड सेक्टरशी झगडायला डिस्कना स्मार्टसीटीएल या कमांडने सात सेकंदांची मर्यादा घातली, म्हणजे त्या हटून बसणार नाहीत. ती दर बूटला परत घालावी लागते. एक्स्टर्नल डिस्क दर आठवड्याला प्रत काढून अण्णांच्या घरी जाते, कारण चुकून डिलीट केलेलं फोल्डर रेड-१ दोन्हीकडून इमानदारीने पुसतं.

मेल आता अण्णांच्या मोबाइलवर जाते. चाचणीची मेल सोडली, तर शेजारच्या खोलीतून ओरडले, "आता काय गेलं रे?"