घरखर्चाचा प्रश्न कसा विचारला जातो

धोरणविषयक संशोधन वाचताना मी निष्कर्षांच्या आधी प्रश्नावली उघडतो, कारण अनुदान, कर किंवा निवृत्तिवेतन यांचा घरावर काय परिणाम झाला, हे अखेर कुणाला तरी विचारलेल्या साध्या प्रश्नावरच उभे असते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. गरिबी मोजताना हे निरीक्षण आजही उपयोगी पडते. मात्र ‘गेल्या ३० दिवसांत अन्नावर किती खर्च झाला?’ असे विचारले, तर किरकोळ खरेदी विस्मरणात जाते आणि ७ दिवसांचे विचारून हिशेब मांडला, तर महिन्याचा खर्च सहसा अधिक भरतो. म्हणजे केवळ कालावधी बदलल्याने गरीब ठरणाऱ्या कुटुंबांची संख्या बदलू शकते, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

त्याहून अस्वस्थ करते ते हे की, बहुतेक सर्वेक्षणांत संपूर्ण घर एकच एकक धरले जाते. उत्तरे बहुधा एकच व्यक्ती देते. घरातल्या बाईने स्वतःचे औषध पुढे ढकलून भरलेल्या कर्जाच्या हप्त्याला त्या तक्त्यात रकानाच नसतो.