पावसाळ्यातले बंद घर आणि मुलांचा श्वास

कोकणात जुलै उजाडला की घरोघरी लहान मुलांचा खोकला सुरू होतो आणि त्याचे खापर भिजण्यावर किंवा केळ्यावर फोडून आपण मोकळे होतो. पावसाळ्यात विषाणूंचा संसर्ग वाढतो हे खरेच; पण मूल ज्या घरात बहुतेक वेळ काढते, तिथल्या हवेकडे फारसे कोणी पाहत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

आमच्या रत्नागिरीकडच्या वाड्यांवर गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत चुलीवरच तापते, कारण नारळाची सोडणे, करवंट्या आणि झावळ्या परसातच मिळतात. पूर्वी निदान थोडा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आता कौलांच्या जागी स्लॅब आला, झड आत येऊ नये म्हणून पडवीला प्लास्टिक लागले, आणि चूल मात्र आहे तिथेच राहिली. त्यातून लाकूड दमट असले की ते पेटत नाही, नुसते धुमसते, आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असलेले त्याच्या धुरातले कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, म्हणून थोडीशी सूजही त्याला जड जाते. घरातल्या प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

सर्वांत अवघड विषय धुरीचा. न्हाऊ घातल्यावर बाळाला निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी देणाऱ्या आजीच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दारे-खिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीतला तो धूर नवजात फुप्फुसांना अपायच करतो, आणि निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. बाळाला ऊब हवी असते, आणि ती कोरड्या कपड्यांनी व आईच्या अंगाशी धरल्याने मिळते.

डासांच्या कॉइलचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघत असल्याचे आढळले. मच्छरदाणी असताना कॉइल जाळण्याची गरजच काय?

ओलीचा उपाय मात्र भिंत रंगवून होत नाही. भिंतीतला जांभ्या दगडाचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. म्हणून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वळवावे, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नयेत आणि उघडीप मिळताच गोधड्यांना ऊन दाखवावे, कारण दमट अंथरुणात धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी दोन्ही पोसली जातात.

मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर काढ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. आणि घरात चूल, धुरी, कॉइल किंवा मशेरी भाजणे यांपैकी काय चालते, तेही डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे.