कोल्हापूर–ओझर : 208 नॉटिकल मैल आणि वेळेचा हिशेब

मंडळी, या वेळी सिममध्ये (संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ते ओझर, म्हणजे नाशिकचा, एटीआर 72-600 हे पंख्यांचं प्रवासी विमान घेऊन.

या जोडीचं अंतर कागदावरच निघतं, म्हणून ती मला आवडते. कोल्हापूरचा विमानतळ साधारण 16 अंश 40 मिनिटं उत्तर, ओझर 20 अंश 7 मिनिटं. फरक 207 मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. ओझर जरा पश्चिमेला आहे, त्याचा एखादा मैल वाढवा. झाले 208, म्हणजे सुमारे 385 किलोमीटर. पुण्यावरून गाडीने जायचं तर साडेचारशेच्या घरात.

एटीआरच्या 265 नॉट वेगाने (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) भागलं तर उत्तर 47 मिनिटं. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत मला 57 लागली, आणि टॅक्सी धरून तासाच्या वर. एटीआर चढताना सावकाश चढतं, तिथे काही मिनिटं जातात हे ठीकच. पण खरी गंमत धावपट्ट्यांची आहे. कोल्हापूरची 07/25, ओझरची 09/27 (आकडा म्हणजे दिशेचे अंश भागिले दहा, 25 म्हणजे साधारण 250 अंश). दोन्ही आडव्या, मार्ग मात्र उभा दक्षिणोत्तर. 25 वरून उडालो की उजवीकडे काटकोनाहून मोठं वळण घेऊन 354 अंशांची, म्हणजे जवळपास उत्तरेची, दिशा धरायची. ओझरला 27 मिळाली तर पूर्वेकडे जाऊन पुन्हा उलट फिरायचं. अंतर सांगणाऱ्या कुठल्याच आकड्यात ही वळणं नसतात.

354 म्हणजे पश्चिमेकडच्या अर्ध्या वर्तुळातली दिशा, तिला नियमाने सम हजारांची उंची, म्हणून 16,000 फूट. येताना विषम, 17,000.

वाऱ्याने मात्र निराशा केली (चांगल्या अर्थाने!). 40 नॉटचा पश्चिम वारा लावला होता. नाक जवळपास 9 अंश डावीकडे ठेवावं लागलं, पण जमिनीवरचा वेग घटला फक्त सातेक नॉट. आडवा वारा विमानाला ढकलतो, वेळ फारसा खात नाही.

मग तोच मार्ग एम्ब्रेअर 175 या जेट विमानाने केला. वेग दीडपटीहून जास्त, तरी हवेतला वेळ 41 मिनिटं. वर पोचून जरा स्थिरावतोय तोवर खाली यायची वेळ झाली. एवढ्या अंतरासाठी जेटचा हट्ट धरणाऱ्यांनी एकदा करून बघा. मला तरी सोळा मिनिटांसाठी तेवढं इंधन जाळणं पटलं नाही.

सरळ रेषा कराड, जेजुरी, नारायणगाव, अकोले, सिन्नर यांच्या आसपासून जाते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तर अगदी जवळून, पण माझ्या सीनरीत (सिममधल्या जमिनीच्या चित्रात) तिच्या 45 मीटरच्या तबकड्या नाहीत. कुणी बनवल्या असतील तर कळवा. अडचण पुण्याची. रेषा लोहगावच्या पूर्वेला जेमतेम 17 किलोमीटरवर येते आणि लोहगाव हवाई दलाचा तळ. सिममध्ये कुणी अडवत नाही. खऱ्या आयुष्यात अशी नाकासमोरची रेघ मिळेल हे धरून चालू नका, वळसा जोडूनच वेळ काढा.

आता पुढचं उड्डाण ओझर–नागपूर, साधारण 294 नॉटिकल मैल, पुन्हा एटीआरने. मार्ग आडवा, म्हणजे तोच 40 नॉटचा वारा जाताना पाठीशी, येताना तोंडावर. कागदावर जाताना 58 मिनिटं, येताना 78. उडून झालं की आकडे टाकतो.