इस्रोत जायचंय? मग गणित सोडू नका

आज नववी-दहावीच्या मुली आणि त्यांच्या आयांशी बोलणं झालं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: एरोस्पेसला प्रवेश मिळाला नाही तर संपलं का? अजिबात नाही. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर याच मुख्य शाखा. मात्र पदवीला किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) हवाच. पहिल्या वर्षी गुण घसरले की ते भरून काढणं जड जातं.

खरा घोळ अकरावीत होतो. 'मुलीला गणित झेपणार नाही' म्हणून घरचेच नुसतं बायोलॉजी घ्यायला लावतात आणि जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची वाट तिथेच बंद होते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत, म्हणजे अंतराळ तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, बीटेकला प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवरूनच मिळतो. दहावीनंतर डिप्लोमा केला आणि प्रथम श्रेणी राखली, तर टेक्निकल असिस्टंटच्या जागा असतात, आयटीआयवाल्यांना टेक्निशियनच्या. या वाटा कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

मुलींना आझादीसॅटबद्दल सांगितलं. ७५ शाळांमधल्या ७५० मुलींचा हा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटवरून उडाला. रॉकेटचा दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या कंपनांनी अॅक्सेलरोमीटरची (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरची) वाचनं बिघडली, रॉकेटच्या संगणकाने सेन्सरच बाद धरले आणि कक्षा चुकली. १० फेब्रुवारी २०२३ ला आझादीसॅट-२ नीट कक्षेत पोहोचला.

नववीतल्या मुलींनी इस्रोच्या 'युविका' या शाळकरी मुलांसाठीच्या अंतराळ कार्यक्रमावर लक्ष ठेवा. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, आठवीची गुणपत्रिका लागते. दहावीत गेलात की ही संधी गेली.